मैदानाआधीची सुई

अकॅडमीत सर कुणालाच नावानं हाक मारत नसत. जिचं जे गाव किंवा तालुका, तेच तिचं नाव. म्हणून मी 'माण' होते आणि माझ्या खोलीतली मैत्रीण 'कुंडल'. पोलीस भरतीच्या तयारीसाठी आम्ही दोघी सांगलीत विश्रामबागेत राहत होतो. एका बंगल्याच्या मागं पत्र्याची खोली, दोन कॉट, एक शेगडी. उजाडताना मैदान, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी परत मैदान. रविवार तेवढा सुट्टीचा.

कुंडलचे वडील फौजेतनं रिटायर होऊन ऊस करत होते. त्यांच्या घरात वर्दीचं फार कौतुक. मोठ्या भावाचं दोनदा भरतीत हुकलं होतं, त्यामुळं सगळी आशा आता हिच्यावर. माझे वडील मुंबईत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. नाताळात आणि मे महिन्यात घरी येणार. आई अंगणवाडीत मदतनीस. आमच्या भागात पावसाचा भरवसा नाही, त्यामुळं शेती असून नसल्यासारखी, आणि ख्रिस्ती घरं तर बोटावर मोजण्याइतकी. पोरीला सरकारी नोकरी लागावी यासाठी आई रोज संध्याकाळी गुडघे टेकायची, हे मला फोनवर सांगायचीसुद्धा. मला त्याचा आधार वाटायचा आणि ओझंही वाटायचं.

माझी अडचण एकच होती, आठशे मीटर. गोळा मी चांगला टाकायचे, शंभर मीटरही बरी पळायचे. पण आठशेच्या दुसऱ्या फेरीत वळण संपलं की पायात कुणीतरी वाळू भरल्यासारखं व्हायचं. सर शिट्टी वाजवून ओरडायचे, "माण, मेलीस का गं?" कुंडलचंही तसंच व्हायचं. आम्ही दोघी शेवटच्या चार-पाच जणींत घासत यायचो, आणि मग मैदानाच्या कडेला उताण्या पडून हसत सुटायचो. मैत्री तिथंच झाली.

सर वाईट माणूस होते असं मी आजही म्हणणार नाही. ज्या पोरींकडं धड बूट नव्हते त्यांना ते बूट आणून द्यायचे. पण त्यांना निकाल हवा होता. रस्त्याच्या कडेला लावायच्या बोर्डावर पास झालेल्या पोरींचे फोटो हवे होते. मैदानी चाचणी जवळ आली तशी त्यांनी काही पोरींना एकेक करून बाजूला घेतलं. आम्हाला दोघींना एकदमच बोलावलं.

"ताकदीचं इंजेक्शन हाय. चार-पाच घेतली की पाय उचलतील. सगळीकडं घेत्यात पोरी. तुमी न्हाई घेतलंत तर तुमची जागा जाणार कुठं? जी घेणार तिच्याकडं."

कुंडलनं विचारलं, "काय व्हत न्हाई ना सर?"

"काय व्हतंय? व्हिटॅमिनसारखं हाय."

व्हिटॅमिन असतं तर कुजबुजून का सांगितलं असतं, हे आम्हा दोघींना कळत होतं. परत येताना कुंडल मला म्हणाली, "मी घेणार. तू?" मी म्हणाले, "बघू." पण मनात माझंही ठरल्यासारखंच होतं.

मध्ये एक रविवार आला. सांगलीत मी ज्या चर्चमध्ये जायचे तिथं पाळकबाई, म्हणजे आमच्या पाळकांच्या पत्नी, उपासनेनंतर तरुणांची सभा घ्यायच्या. बाई ठेंगण्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्या दिवशी नेमका विषय निघाला मोहाचा. पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागली, मोबाईलवरनं काहीतरी निघणार म्हणून. बाई म्हणाल्या, "हसू नका. प्रभू चाळीस दिवस उपाशी होते तेव्हा सैतानानं पहिल्यांदा काय दाखवलं? सोनं नाही, राज्य नाही. भाकरी. जिथं भूक असते तिथंच तो येतो. तुमची भूक कुठं आहे ते आधी ओळखा."

माझी भूक मला पाठ होती. शेवटची फेरी.

तरीही मी गेले. अकॅडमीच्या मागं जिमची खोली होती, तिथं पडद्याआड एक बाकडं. नर्सिंग अर्धवट सोडलेली एक सीनियर मुलगी सुया टोचायची. कुंडलचा नंबर आधी लागला. तिनं दात-ओठ खाऊन घेतलं, उठली, "काय न्हाई गं, मुंगी चावल्यासारखं" म्हणाली. त्या सीनियरनं तीच सुई कापसानं पुसली, त्याच बाटलीत खुपसली आणि मला म्हणाली, "ये."

मी बाकड्यावर आडवी झाले. आणि तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते फार साधं होतं. आमच्यात घरात काही चांगलं झालं की आभारप्रार्थना ठेवतात. मंडळीला, म्हणजे चर्चच्या माणसांना, घरी बोलवायचं, गाणी म्हणायची, आणि ज्याचं चांगलं झालं त्यानं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. माझी निवड झाली की असं करायचं, हे आईनं कधीच ठरवून टाकलं होतं. कुणाकडनं सतरंज्या आणायच्या तेसुद्धा. मला माझंच घर दिसलं, भिंतीला टेकून बसलेली माणसं दिसली, आणि मधोमध मी उभी. काय सांगणार? देवानं मला पळवलं म्हणून सांगणार? त्या सगळ्यांच्या समोर, आणि त्याच्याही समोर?

पापाची भीती वाटली असं मी म्हणणार नाही. पास झाले तरी आभार कुणाचे मानायचे ते कळेना, एवढंच.

"मला नको," मी म्हणाले. मी उठून बसले.

"भितीस?"

"हो," मी म्हणाले. तेही खरंच होतं.

खोलीवर कुंडल माझ्याशी बोलेना. भाकरी थापताना परातीचा आवाज मुद्दाम मोठा करत होती. शेवटी तिनंच तोंड उघडलं.

"मी घेतली आन् तू न्हाई. म्हंजे मी वाईट, तू चांगली. आसंच ना?"

"तसं नाही गं."

"तसंच हाय. मला तर पयल्यांदा पाठवलंस, आन् तू उठून आलीस." मग ती म्हणाली, "तुमच्यात देवळात दारू चालती म्हनं. मग सुई का चालत न्हाई?"

"दारू नाही, प्रभुभोजनाला द्राक्षाचा रस देतात. घोटभर," मी म्हणाले. मग म्हणाले, "तूही पुढची घेऊ नकोस. ती एकाच सुईनं सगळ्यांना टोचते, बघितलंस ना तू."

ती पाठ फिरवून झोपली.

सरांना कळायचं ते कळलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरींसमोर त्यांनी मला थांबवलं. "माण, तुझा देव काय स्टॉपवॉच घेऊन उभा राहणाराय का गं मैदानावर?" पोरी हसल्या. मीही कसनुसं हसले, आणि त्या हसण्याचा मला दिवसभर राग येत राहिला.

मला वाटायचं, एकदा नाही म्हटलं की मोह निघून जातो. तो जात नाही. कुंडल दर आठवड्याला पुढं पुढं जात होती आणि मी मागनं तिची पाठ बघत होते. आधी आम्ही घासून यायचो, आता ती वळण घेऊन सरळ पट्टीला लागलेली असायची तेव्हा मी अजून वळणावर. तिच्या दंडांत ताकद आली होती, आवाज थोडा जाड झाला होता, चेहऱ्यावर फोड आले होते. रोज सकाळी बूट बांधताना मला वाटायचं, आज सांगावं सरांना, द्या मला पण. एक म्हणजे एकच. प्रभूच्या प्रार्थनेत परीक्षेत, म्हणजे मोहात, न आणण्याची एक विनवणी आहे. लहानपणी मला ती शाळेच्या परीक्षेबद्दलची वाटायची. त्या दिवसांत मी पळता पळता तीच एक ओळ श्वासावर धरून म्हणायचे. वेग वाढला नाही. पण त्या त्या दिवसापुरती मी सरांच्या खोलीकडं गेले नाही.

मैदान झालं. कुंडल पहिल्या काही जणींत आली. मी माझ्या आजवरच्या सगळ्यांत चांगल्या वेळेत पळाले, आणि तरीही थोडक्यात राहिले. लेखी परीक्षेच्या यादीत माझं नाव नव्हतं. मैदानाच्या फाटकाबाहेर उभी राहून मी आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जेवलीस का?"

त्या रविवारी मी चर्चला गेले नाही. पुढच्याही नाही. मी देवासाठी नाही म्हटलं होतं, मग त्यानं माझ्यासाठी काय केलं? हा प्रश्न मी कुणाला विचारू शकत नव्हते. सुईच्या जोरावर पुढं गेलेल्या पोरी समोर हसत फिरत होत्या. मला वाटत होतं, आपल्याला मूर्ख बनवलं गेलं आहे आणि तेही आपणच आपल्याला.

महिनाअखेरीला खोली सोडायची म्हणून मी सामान बांधायला काढलं होतं. कुंडल लेखीचा अभ्यास करत होती, पण चार-पाच दिवस ती लंगडत होती. बसताना एका कुशीवर बसायची. विचारलं की म्हणायची, लचकलंय. एका दुपारी मी बाहेरनं आले तर ती दोन गोधड्या अंगावर घेऊन कुडकुडत होती. कपाळाला हात लावला तर चटका बसला. डोळे अर्धे उघडे, ओठ कोरडे. मी रिक्षा आणली आणि तिला जवळच्याच एका खासगी दवाखान्यात घेऊन निघाले.

रिक्षात तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की नखं रुतली.

"सुईचं बोलू नगंस."

"कुंडल..."

"लेखी तोंडावर हाय. माज्या वडलांना कळलं तर ते मला घरात घ्यायचे न्हाईत. बोलणार न्हाई म्हण."

मी काहीच म्हणाले नाही. तिनं त्याचा अर्थ हो असा घेतला असावा.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारलं तेव्हा कुंडल म्हणाली, पळताना मांडी लचकली, मग ताप आला. तपासायला म्हणून कुशीवर व्हायला सांगितलं तर ती ओरडली, हात लावू देईना. त्यांनी सलाईन लावलं, रक्त तपासायला पाठवलं. थोड्या वेळानं त्या बाहेर माझ्याकडं आल्या. चेहरा बदललेला.

"तुम्ही रूममेट ना? तिचं बीपी खाली जातंय. ती काही औषध, इंजेक्शन, काही घेत होती का? नीट आठवून सांगा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. सर. कुंडलनंच आतनं त्यांना फोन लावला असणार. मी डॉक्टरांना म्हणाले, "एक मिनिट," आणि व्हरांड्याच्या टोकाला गेले.

"माण, ऐक. पोरगी बरी व्हणार हाय. अँटिबायोटिक दिलं की ताप उतरतो. तू तोंड उघडलंस तर तिची भरती गेली म्हणून समज. आन् लोकं काय म्हणतील ठाऊक हाय? सोता नापास झाली म्हणून मैत्रिणीची नोकरी घालवली."

त्यांनी फोन ठेवला. सरांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. कारण ते खोटं नव्हतं. रिक्षात बसल्यापासून माझ्या आत कुठंतरी एक बारीकशी खुशी होती. आता कळेल सगळ्यांना, असं काहीतरी. मला तिचा जीव वाचवायचा होता, हे खरं. आणि मला तिला खाली ओढायचं होतं, तेही खरं. दोन्ही एकमेकांत इतकं गुंतलं होतं की मला वेगळं करता येईना. अशा मनानं खरं बोललं तर ते खरं राहतं का? मी प्रार्थना करायला लागले, पण देवाशी दोन आठवडे अबोला धरलेला, शब्दच येईनात.

मी पाळकबाईंना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं, ती खुशीसुद्धा. मला वाटलं, त्या म्हणतील थांब, प्रार्थना करू. त्या म्हणाल्या, "तुझं मन आपण नंतर धुऊ. आधी पोरीला वाचव. मन साफ व्हायची वाट बघत बसलीस तर ती हातची जाईल. जा."

मी डॉक्टरांना बोलावलं, पण बाहेर सांगितलं नाही. त्यांना घेऊन कुंडलच्या कॉटपाशी गेले.

"मी सांगणार आहे," मी तिला म्हणाले. "तुझ्यासमोर सांगते. मागनं नाही."

तिनं मान उचलली. तेवढ्या तापातसुद्धा तिचे डोळे पेटले. "जळतीस तू माज्यावर! नापास झालीस म्हणून जळतीस!"

"हो, जळते," मी म्हणाले. "तरी सांगते."

आणि मी सांगितलं. कुठं घेतली, कधीपासून, एका बाटलीतनं किती पोरींना, सुई कापसानं कशी पुसायची ती. डॉक्टरांनी एका नर्सला बोलावून कुंडलला कुशीवर वळवलं. कपडा सरकवल्यावर त्या नुसतं "अरे देवा" म्हणाल्या. सुई टोचलेल्या जागी आत खोलवर गळू झालं होतं, कातडी लालभडक, ताणलेली. विष रक्तात पसरायला लागलं होतं. त्यांनी तिला तसंच ऑपरेशनला घेतलं. आत नेताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

कुंडलचे वडील बसनं आले. उंच माणूस, अजूनही ताठ चालणारा. मी त्यांना बाकावर बसवून सगळं सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. ते गुडघ्यांवर हात ठेवून खाली फरशीकडं बघत राहिले.

"तू घेतलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही काका."

"का न्हाई?"

"मग देवाला काय सांगायचं, ते सुचेना."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "माज्या पोरीला मला सांगता आलं न्हाई. मी घरात वर्दी वर्दी करत बसलो." ते उठून खिडकीपाशी गेले.

ती वाचली. बरेच दिवस दवाखान्यात राहिली. लेखी परीक्षेच्या दिवशी तिला नीट बसताही येत नव्हतं, त्यामुळं त्या वर्षीची तिची भरती तिथंच संपली. मी भेटायला गेले की ती भिंतीकडं तोंड करायची. तिसऱ्यांदा तिनं आईकरवी निरोप दिला, येऊ नको म्हणून. तिचे वडील मात्र गप्प बसले नाहीत. इतर पोरींच्या घरी जाऊन त्यांनी सगळ्यांना रक्त तपासायला लावलं. त्यात एका पोरीला कावीळ निघाली, वेळेवर कळली. जिमच्या खोलीला कुलूप लागलं. सर सांगली सोडून गेले. दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यात त्यांनी परत अकॅडमी काढली असं ऐकते.

मी माणला परत गेले. आईला सगळं सांगितलं. तिनं मला शाबासकी दिली नाही की धीरही दिला नाही. ज्वारी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "देवाशी बोलतीस का आता?" मी म्हणाले, "थोडं थोडं." "मग झालं," ती म्हणाली. पाळकबाईंनी सांगितल्याप्रमाणं मन धुवायला मात्र फार वेळ लागला. ती खुशी आठवली की मी अजूनही शरमते. विश्वासानं मला वेग दिला नाही, नोकरीही दिली नाही. पण ज्याच्यापुढं काही लपवावं लागत नाही असं कुणीतरी आहे, हे त्या व्हरांड्यात माझ्यापाशी नसतं तर मी सरांचंच ऐकलं असतं. 'विचारून सांगते' म्हणून बाजूला झाले असते. तेवढं सोपं होतं ते.

पुढं मी खेळाच्या शिक्षणाचा कोर्स केला आणि आता साताऱ्यात एका शाळेत मुलींना पळायला शिकवते. भरतीला परत एकदा बसले, परत थोडक्यात राहिले. त्याच वेळी कुंडलही बसली होती, हे मला नंतर कळलं. एका दुपारी अनोळखी नंबरवरनं फोन आला.

"माण?"

मी आवाज ओळखला. कितीतरी दिवसांनी मला कुणी त्या नावानं हाक मारली होती.

"माझं झालं," ती म्हणाली. "सुईबिई न्हाई. तशीच पळाले."

मला आनंद झाला. आणि एक कळही आली, खोटं कशाला बोलू. यावेळी मात्र मी ती कळ लगेच ओळखली, आणि फोनवर बोलता बोलताच देवाला सांगून टाकली.

सुट्टीत मी तिच्या गावी, कुंडलला गेले. तिच्या वडिलांनी पेढे वाटताना गावात कुणाला सोडलं नव्हतं. आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो. ती बारीक झाली होती, चेहरा निवळला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं. त्या दिवशी पाळकबाई फोनवर काय म्हणाल्या होत्या, तेही मी तिला सांगितलं.

"तुला एक सांगू? त्या दिवसाचा राग मला अजून येतो," ती म्हणाली.

"येऊ दे."

"बोललीस त्याचा न्हाई येत. व्हय म्हणालीस त्याचा. जळते म्हणालीस ना, त्याचा. न्हाई म्हणाली असतीस तर खोटारडी म्हणून तुला शिव्या घालून मोकळी झाले असते. तू मला शिव्या घालायलाबी जागा ठेवली न्हाईस."

मला हसू आलं. तिलाही आलं. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या पाळकबाईंना एकदा भेटायचंय मला. नोकरीवर जायच्या आधी."

"कशाला?"

"आसंच. मन धुवायचं म्हणालीस मगाशी, ते कसं धुत्यात ते इचारायचंय."

आतनं तिच्या आईनं जेवायला हाक मारली. ती उठली, मला हात देऊन उठवलं, आणि आम्ही आत गेलो.